धम्मपालचं मत

सकाळी साडेसहाला मोरीतून धम्मपालचा आवाज यायचा. "मानेला साबण लाव. कानामागं पण. आता पाणी घे." मग जरा वेळाने पाणी पडल्याचा आवाज. सांगणारा असायचा फोन, खिडकीच्या कट्ट्यावर तिरका उभा केलेला, आणि ऐकणारा असायचा धम्मपाल. फोनमधला आवाज मात्र त्याचाच होता.

दुर्गाबाईंना या गोष्टीचं सुरुवातीला फार लागलं होतं. धम्मपाल त्यांचा एकुलता एक, वय तेहतीस. चालायला लागला चौथ्या वर्षी, बोलायला सातव्या. अक्षरांची ओळख झाली ती स्वतःच्या नावापुरती, आणि आकडे विसापर्यंत. पूर्वी लोक मतिमंद म्हणत, आता सरकारी कागदावर बौद्धिक दिव्यांग असं लिहून येतं. दुर्गाबाईंच्या तोंडी यातला एकही शब्द कधी आला नाही. कुणी विचारलं तर त्या म्हणत, "आमचा धम्मा जरा सावकाश हाय." आणि या सावकाश मुलाच्या मागे त्या तेहतीस वर्षं मोरीच्या दाराबाहेर उभ्या होत्या. कानामागं लाव, पाय घास, टॉवेल उलटा धरलास. नवरा रावसाहेब तुर्भ्याच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे. परभणीकडून दोघं आले ते तळवलीत भाड्याच्या खोलीत, आणि पुढे तिथेच वन रूम किचन घेतलं. चार वर्षांपूर्वी रावसाहेब किडनीच्या आजारात गेले. मग उरले दोघंच. आई सांगायची आणि मुलगा करायचा.

तुर्भ्याला अशा मोठ्या वयाच्या मुलामुलींसाठी एक कार्यशाळा आहे. कागदी पिशव्या, फायली, दिवाळीत पणत्या रंगवणं. धम्मपाल तिथे आठ वर्षं जात होता. वर्षभरापूर्वी तिथल्या नंदिनी मॅडमनी त्याच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. एकेक काम घ्यायचं, त्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला एक फोटो आणि एक वाक्य. फोटो कुणाच्या तरी मोरीचा नाही, त्याच्याच मोरीचा; बादली त्याचीच, निळी, कान तुटलेली. एक काम झालं की बोटाने पुढे सरकवायचं.

"आवाज तुमचा घालू या, आई," नंदिनी मॅडम म्हणाल्या. "त्याच्या ओळखीचा."

दुर्गाबाईंनी एक अख्खी दुपार खर्ची घालून सगळी वाक्यं म्हटली. धम्मपालने कान देऊन ऐकलं आणि मान हलवली.

"आई फोनमधून पण ओरडते."

मॅडमना हसू आवरेना. दुर्गाबाई हसल्या नाहीत. शेवटी धम्मपालने स्वतःच वाक्यं म्हटली. एकेक वाक्य चार-चारदा, शब्द सुटे सुटे करत. आणि दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच स्वतःला सांगू लागला. मोरीच्या दाराबाहेर उभं राहायचं कामच संपलं. दुर्गाबाई स्वयंपाकघरात जायच्या, परत यायच्या, दाराशी कान लावायच्या, पुन्हा जायच्या. नळ बंद केल्याचा आवाज आला की मग कुठे पोळ्यांना हात लागायचा.

आंघोळीनंतर कपडे झाले, मग चहा. तो गॅसपाशी एकटा असला की दुर्गाबाई दारातून हलायच्या नाहीत. "दूध ओत. खुणेपर्यंत. साखर दोन चमचे. वर आलं की गॅस बंद." तो अगदी तसंच करायचा. पहिल्या दिवशी चहा इतका गोड झाला की जीभ चिकटावी. दोन चमचे म्हणजे त्याने वाढायचे दोन चमचे घातले होते. दुर्गाबाईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. दुसऱ्या दिवशी त्याने बरोबर चमच्याचा फोटो काढून यादीत बसवला. कुणी सांगितलं नव्हतं.

फोन बसमध्येही बोलायचा. पुढचा थांबा कोणता, किती राहिले, आता उठ. तरीसुद्धा दुर्गाबाई रोज त्याच्याबरोबर तुर्भ्याला जात, दिवसभर कार्यशाळेच्या ओट्यावर बसून गोधडीचे टाके घालत, आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर परत येत.

"आई, आता तुम्ही घरी थांबलात तरी चालेल," मॅडम दोनदा म्हणाल्या.

"मी हितं कुनाला अडचन करते का?" दुर्गाबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

अशात कितीतरी वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली.

भगवान म्हणजे रावसाहेबांचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि नामदेवशेठांच्या पॅनेलचं काम करायचा. माणूस मायेचा. रावसाहेब आजारी असताना पहाटे-संध्याकाळी कधीही हाक मारली की नामदेवशेठांची गाडी घेऊन दारात हजर व्हायचा. डायलिसिसच्या सगळ्या फेऱ्या त्याच गाडीतून झाल्या. दुर्गाबाई ते विसरल्या नव्हत्या. म्हणून भगवान घरी येऊन म्हणाला, "वहिनी, या वेळी चार मतं द्यायची आहेत. पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा, चार कागद. चारही ठिकाणी कपबशी. तुमचं आणि धम्माचं, घरातली दोन माणसं धरू ना?" तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "धरा की भावजी. त्यात काय विचारायचं."

धम्मपाल तिथेच बसून फोनवर बसचे फोटो बघत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. त्याआधीही कधी विचारलं नव्हतं. त्याचं नाव यादीत घातलं ते रावसाहेबांनी, तो अठरा वर्षांचा झाला त्याच महिन्यात. नोंदणीवाला म्हणाला होता, "याचं कशाला?" तर रावसाहेब त्याच्यावर असे काही बरसले की बिचाऱ्याने फॉर्म स्वतःच भरून दिला. घटनेनं दिलेलं काढून घ्यायला आपण कोण, असं ते घरी येऊन म्हणाले होते. पण मतदानाच्या दिवशी मुलाला घेऊन केंद्रात जायच्या दुर्गाबाई. सोबतीण म्हणून. पुठ्ठ्याच्या आडोशाला दोघं उभी राहायची, आणि बटण त्या दाबायच्या. धम्मपाल दिवा लागलेला बघायचा आणि खूश व्हायचा. बोटाला शाई लागली की आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरायचा. त्यात काही चुकतंय असं दुर्गाबाईंच्या कधी मनातही आलं नाही. त्याच्या शर्टाची बटणंही त्याच लावायच्या की.

या वेळी नंदिनी मॅडमनी मध्येच ती गोष्ट उचलली. कार्यशाळेत ज्यांची नावं यादीत आहेत अशा नऊ जणांना बसवून त्यांनी मतदान शिकवायला घेतलं. बुटाच्या खोक्यांची चार यंत्रं केली. चार रंगांचे कागद, त्यावर फळं आणि पक्षी, शेजारी बटणं. धम्मपालने नेहमीसारखी फोनमध्ये यादी केली, आपल्या आवाजात. कागद बघ. चित्र शोध. बोट ठेव. दाब. दिवा लागला का बघ. आता पुढचा रंग. यादीच्या शेवटी मॅडमनी एक वाक्य घालायला सांगितलं होतं: कुणाला दिलं ते सांगायचं नसतं.

"कुणालाच?" त्याने विचारलं.

"कुणालाच. तुझं तुझ्यापाशी."

ओट्यावर टाके घालणाऱ्या दुर्गाबाईंची सुई थांबली. त्यांना भगवानला दिलेला शब्द आठवला. परत येताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "धम्मा, आपन काकांना सांगितलंय. कपबशी."

"तू सांगितलंस," धम्मपाल खिडकीबाहेर बघत म्हणाला.

घरात पत्रकं यायला लागली होती. दाराखालून सरकवलेली, कठड्यात खोचलेली. पूर्वी ती रद्दीत जायची. आता धम्मपाल एकेक फरशीवर मांडायचा आणि वर फोन धरायचा. फोन छापलेलं वाचून दाखवायचा. बाईचा एकसुरी आवाज, जोडाक्षरांवर अडखळणारा. रस्ते, पाणी, उद्यान, विकास. पुन्हा रस्ते, पाणी, विकास. अकरा पत्रकं ऐकून झाल्यावर तो खदाखदा हसला.

"आई, सगळे सेम बोलतात."

"मंग? तेच तर म्हनते. काय फरक पडतोय."

पण तो उठला नाही. पत्रकांवरचे चेहरे बघत राहिला. दुर्गाबाई भाजी चिरता चिरता त्याच्याकडे बघत होत्या. त्याच्या कपाळावर दोन आठ्या पडल्या होत्या. अगदी रावसाहेब बसायचे तशा, पगाराच्या दिवशी, पेपर वाचताना. मुलाच्या कपाळावर अशा आठ्या पडतात हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. विचार करायची वेळ त्याच्यावर येऊच दिली नव्हती, तर आठ्या पडणार कुठून?

मग माणसं येऊ लागली. नामदेवशेठ आले वीसेक जण घेऊन. दुर्गाबाईंना वाकून नमस्कार केला, धम्मपालचा गाल थोपटला. "बरा हाय ना रं पोरा? जेवतो ना बराबर?" हे विचारलं दुर्गाबाईंकडे बघून.

धम्मपाल म्हणाला, "बस का बोलत नाही?"

"काय म्हंतो?"

"बस. माझा फोन सांगतो पुढचा स्टॉप कुठला. आपली बस नाही सांगत. सांगायला पाहिजे. सगळ्यांकडं फोन नाही."

"हां, हां. करू, करू, समदा करू," म्हणत शेठांनी पुन्हा गाल थोपटला, आणि मंडळी जिना उतरलीसुद्धा.

दोन दिवसांनी पायल नावाची एक तरुण उमेदवार आली. शिलाई मशीन तिचं चिन्ह, बरोबर तिची आई आणि दोन मैत्रिणी. धम्मपालने तिलाही तेच विचारलं. ती चपला काढून आत येऊन बसली. त्याच्याकडे बघून म्हणाली, "दादा, खरं सांगू का? बसचं मला काही माहीत नाही. ते आपल्या वॉर्डातून होतं की वरून, तेही माहीत नाही. विचारून बघेन. पण करेनच असं नाही म्हणत."

"मग नाही होणार?"

"कदाचित नाही."

धम्मपालचा चेहरा पडला. ती गेल्यावर तो म्हणाला, "हिला काहीच येत नाही." दुर्गाबाईंना जरा बरं वाटलं. म्हणजे कपबशीचं जमेल.

मतदानाच्या दिवशी तो सहालाच उठून बसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, शेजारी रावसाहेबांची; दोन्हीकडे हात जोडले. फोन गळ्यातल्या पिशवीत टाकला आणि दोघं निघाली. केंद्र पालिकेच्या शाळेत होतं. शाळेपासून बऱ्याच अलीकडे, कोपऱ्यावर, भगवान खुर्ची-टेबल टाकून बसला होता. त्याने चिठ्ठ्या काढून दिल्या आणि फोनकडे बोट केलं.

"तो आत चालत नाही. इथं ठेव."

धम्मपालने पिशवी छातीशी धरली. "यादी आहे यात."

"नियम आहे बाबा. पोलीस काढून घेतील."

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. नंदिनी मॅडमच्या नाही, दुर्गाबाईंच्याही नाही. धम्मपाल एकदा फोनकडे, एकदा शाळेकडे बघत राहिला. त्याचा खालचा ओठ थरथरू लागला. अशा वेळी पुढे काय होतं ते दुर्गाबाईंना पाठ होतं. तो खाली बसणार, कानांवर हात ठेवणार, आणि मग तासभर उठणार नाही.

भगवान समजुतीने म्हणाला, "वहिनी, तुम्ही जा की त्याच्याबरोबर आत. नेहमीसारखं. दाबून टाका आणि या. कशाला पोराला त्रास?"

आणि खरं सांगायचं तर दुर्गाबाईंना हायसं वाटलं. शब्दही पाळला जाईल, पोरही रडणार नाही. त्यांनी त्याचा हात धरला. "चल लेकरा. मी हाय."

धम्मपालने हात सोडवून घेतला. जोरात नाही, पण सोडवून घेतला. गळ्यातली पिशवी काढली, तिचा पट्टा नीट गुंडाळला आणि काकाच्या टेबलावर ठेवली. "खाली पाडू नका," म्हणाला, आणि चालू लागला.

दिव्यांग आणि म्हाताऱ्या माणसांना रांगेत उभं करत नव्हते. दोघांना सरळ वर्गात घेतलं. खिडकीपाशी टेबलं, त्यावर याद्या, पलीकडे पक्षांचे प्रतिनिधी, आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा. चष्मा लावलेले एक केंद्राध्यक्ष होते. त्यांनी धम्मपालचं कार्ड बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि सरावाने म्हणाले, "सोबत कोण? आई का? हा फॉर्म भरा, तुम्ही बरोबर जाऊ शकता."

"नको. मी एकटा," धम्मपाल म्हणाला.

साहेबांनी दुर्गाबाईंकडे बघितलं. "जमेल का याला?"

आयुष्यभर या प्रश्नाचं उत्तर दुर्गाबाईंनीच दिलं होतं. दवाखान्यात, शाळेत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. याला तिखट चालतं का? याला काय होतंय? याला कळतं का? उत्तर जिभेवर तयारच असायचं. आत्ताही होतं. पण समोर तो उभा होता, पांढऱ्या शर्टात, हात घट्ट मिटून, आणि तो त्यांच्याकडे बघत नव्हता. साहेबांकडे बघत होता.

"त्यालाच विचारा," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

साहेबांनी मान डोलावली. "धम्मपाल, काय करायचं आहे सांगा बरं."

"चार कागद. पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. प्रत्येकावर एक बटण. चार झाली की मोठ्यानं पीं वाजतं. मग जायचं."

"इथे रोज येता काय तुम्ही?" साहेब हसले. "सही करा."

त्याने आपलं नाव लिहिलं. ध, म, म. पाठीमागे पाच माणसं खोळंबली तरी शेवटच्या 'ल'पर्यंत लिहिलं. बोटाला शाई लावून घेतली आणि आडोशामागे गेला.

मग पुठ्ठ्यामागून आवाज आला. सावकाश, सुटा सुटा, मोरीत यायचा तसाच.

"कागद बघ. पांढरा. घाई नको. चित्र शोध. बोट ठेव. दाब. दिवा लागला. आता पुढचा रंग."

प्रतिनिधींपैकी एक जण उठला. "साहेब, हा मोठ्याने बोलतोय. हे चालतं का?"

"कुणाचं नाव घेतलं का त्याने? चिन्ह सांगितलं?"

"नाही, पण—"

"मग बोलू दे. तुम्ही बसा."

"गुलाबी. चित्र शोध. बोट ठेव. दाब." दुर्गाबाईंनी डोळे मिटून घेतले. फोन तर कोपऱ्यावर भगवानच्या टेबलावर होता. पण इतके महिने त्यातून जे बोललं जात होतं, ते केव्हातरी याच्या आत जाऊन बसलं होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्या समजत होत्या, फोन काढून घेतला की पुन्हा आपण.

"पिवळा. दाब. दिवा लागला. निळा."

आणि मग शांतता.

एक मिनिट गेलं असेल. दुर्गाबाईंना तासभर वाटलं. दारातून कुणीतरी म्हणालं, "झोपला की काय आत?" प्रतिनिधी एकमेकांकडे बघून हसले. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि आवाज दिला, "धम्मपाल, एक राहिलंय. मदत हवी का?"

"नको. विचार करतोय."

कुणी हसलं नाही. दुर्गाबाईंचे पाय आडोशाकडे ओढ घेत होते. त्यांनी समोरचा बाक धरून ठेवला. किती वेळ धरून ठेवला कोण जाणे, नंतर हाताला लाकडाचे वळ दिसत होते. शेवटी लांबलचक पीं वाजलं. धम्मपाल बाहेर आला, कुणाकडे न बघता, मान वर करून दुसऱ्या दाराने निघून गेला.

मग दुर्गाबाईंची पाळी. त्यांनी दिलेला शब्द पाळला. चारही ठिकाणी कपबशी.

कोपऱ्यावर भगवान वाटच बघत होता. "झालं वहिनी? दोन्ही?"

"माझी चारी तुमची, भावजी."

"आणि धम्माची?"

"मला म्हाईत न्हाई."

"म्हाईत न्हाई म्हणजे? तुम्ही नव्हता बरोबर?" तो वळला. "काय रे धम्मा, कपबशी दाबलीस ना?"

धम्मपाल फोन गळ्यात अडकवत होता. "सांगायचं नसतं काका." मग जरा काळजीने म्हणाला, "तुम्हाला कुणी शिकवलं नाही का?"

टेबलापाशी उभे असलेले दोघं-तिघं हसले. भगवानचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तुम्ही शब्द दिला होता. दोघांचा."

"दिला व्हता. चुकलं माझं," दुर्गाबाई म्हणाल्या. "त्याचा माझ्यापाशी नव्हताच, भावजी. तुमच्या दादांसाठी तुमी जे केलं ते मी जन्मात इसरनार न्हाई. पन ते माझ्याकडून घ्या. त्याच्याकडून नका घेऊ."

पुढचा मतदार आला, आणि भगवान त्याची चिठ्ठी शोधायला लागला.

दुपारी जेवताना दुर्गाबाईंना राहवेना. त्यांनी त्याच्या ताटात आवडीचं पिठलं वाढलं, आणखी वाढलं, आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "निळ्याला लय वेळ लागला रे."

"कुणीच आवडत नव्हतं."

"मंग?"

"मग दाबलं."

"कुनाला?"

तो नुसता हसला आणि पिठल्यात भाकरी बुडवली.

त्याच्या अंगावरचा एकेक तीळ त्यांना ठाऊक होता. कोणत्या कुशीवर झोपतो, कशाला घाबरतो, पोट कधी बिघडलं, सगळं. तेहतीस वर्षांत या मुलाची त्यांना माहीत नसलेली अशी एकही गोष्ट नव्हती. आज होती. चार होत्या. आणि गंमत म्हणजे त्या चार गोष्टींनी तो एकदम मोठा दिसत होता. समोर बसून जेवणारा एक बाप्या माणूस, ज्याच्या मनात काय आहे ते विचारावं लागतं. दुर्गाबाईंना रडू आलं. ते कशाचं, हे त्यांना धड सांगता आलं नसतं. मुलगा हाताबाहेर गेल्याचं थोडं असावं. त्याहून जास्त होतं ते मागच्या सगळ्या वेळांचं, त्यांनी त्याच्यासाठी दाबलेल्या बटणांचं.

निकालात नामदेवशेठांचं पॅनेल आलं. पायल पडली. धम्मपालने फोनवर ऐकलं, "बरं" म्हणाला आणि चहा टाकायला उठला. भगवान तीन आठवडे फिरकला नाही. मग एका रविवारी ओला हरभरा घेऊन आला, निवडणुकीचं अवाक्षर न काढता बसला, आणि धम्मपालच्या हातचा चहा पिऊन म्हणाला, "साखर बरोबर आहे रे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुर्गाबाई थांब्यापर्यंत गेल्या आणि बसमध्ये चढल्या नाहीत. कुणी सुचवलं नव्हतं. बस आली, धम्मपाल चढला, मागे वळून बघितलं.

"तू?"

"तू जा. मी घरी हाय."

बस हलली. दुर्गाबाई घरी आल्या तेव्हा सव्वानऊ वाजले होते. भांडी घासली, डबे पुसले, पुसलेले डबे पुन्हा पुसले. साडेअकराला नंदिनी मॅडमचा फोन आला की पोचलाय, पिशव्या करतोय, काळजी करू नका. दुपारभर त्या गॅलरीत बसल्या. इतक्या वर्षांत खाली रोज दुपारी मासळीवाली येते हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तो साडेपाचला यायचा. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. मॅडमना लावला तर त्या म्हणाल्या, वेळेवर बसमध्ये बसला. त्याला लावावा म्हणून नंबर काढला आणि बोट तसंच धरून बसल्या. रस्ता ओलांडत असला तर? सहा वाजले. पदर खोचून त्या जिन्यापर्यंत गेल्या, तोच खालून चपलांचा आवाज आला. जड, सावकाश, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत येणारा.

"कुठं व्हतास रं?" दुर्गाबाईंचा आवाज फाटला. "फोन बिघडला का? सांगितलं न्हाई का त्यानं, तळवली आली म्हनून?"

"सांगितलं," धम्मपाल म्हणाला. घामाने डबडबला होता आणि डोळे चमकत होते. "फोन म्हणाला उठ. मी म्हटलं थांब."

"थांब?"

"खिडकी मिळाली होती. एक ट्रक शेजारून चालला होता, त्यात मोठ्ठा पंखा होता. विमानाएवढा. मला तो बघायचा होता. मग रबाळे आलं. मग मी उतरलो. मग चालत आलो. सरळच रस्ता आहे, आई. मध्ये एक माणूस कणसं भाजत होता."

तो आत येऊन पाणी न पिताच खाली बसला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. बस कुठे थांबली, कंडक्टर काय म्हणाला, पंखा कसा दोरखंडांनी बांधला होता. इतकी वर्षं त्याचा प्रत्येक दिवस दुर्गाबाईंनी त्याच्या शेजारी बसून बघितला होता; त्याने सांगावं असं त्यात काही उरायचंच नाही. आता तो हातवारे करत, अडखळत, मधलं विसरून पुन्हा मागे जात सांगत होता, आणि त्या रागवायचं ठेवून उंबऱ्यातच टेकल्या.

"पंखा कुठल्या रंगाचा व्हता?" त्यांनी विचारलं.